रागाने आलेल्यालाही पाट मांडा

मराठी विकिपीडियाचे प्रचालक आणि जुनेजाणते सदस्य यांस,



फेब्रुवारी २०२५ मधला तो आठवडा तुम्ही विसरला नसाल. ‘छावा’ चित्रपट १४ तारखेला लागला. थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडलेली पोरं पायऱ्यांवरच फोन काढून संभाजी महाराजांचं नाव शोधू लागली आणि त्यांच्यासमोर आलं इंग्रजी विकिपीडियाचं पान. त्यातल्या काही मजकुराचे स्क्रीनशॉट रातोरात फिरले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं, विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस गेली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. मग नेहमीप्रमाणे दुसरी बातमी आली आणि विषय संपला.

त्याच आठवड्यात एका रात्री साडेअकराला कराडहून माझ्या भाच्याचा फोन आला. वय बावीस. “मामा, खातं उघडलंय. पण त्या पानावर बदल करायचं बटणच नाही. आम्ही चौघांनी बघितलं, कुणालाच दिसत नाही. आपल्याला मुद्दाम बंद केलंय का?”

मी त्याला सांगितलं, वाद पेटला की पान संरक्षित करतात. नव्या खात्याला लेखात हात घालता येत नाही, पण लेखाच्या चर्चा पानावर जाऊन काय बदलावं आणि का, हे संदर्भासह लिहिता येतं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “संदर्भ म्हणजे काय द्यायचं?”

या एका प्रश्नामुळे हे पत्र लिहितो आहे. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण “संदर्भ म्हणजे काय” हे विचारायला कुणी विद्यार्थी रात्री साडेअकराला जागा राहिला नव्हता. रागाने का होईना, ही चार मुलं त्या रात्री त्या प्रश्नापर्यंत पोचली होती. त्या आठवड्यात महाराष्ट्रात अशी किती मुलं त्याच दारापर्यंत येऊन परत गेली असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्या वादात मराठी विकिपीडियाचा काही संबंध नव्हता, हे मला माहीत आहे. पान इंग्रजीतलं, नोटीस अमेरिकेतल्या संस्थेला. तुम्ही मोजकी माणसं कसलाही मोबदला न घेता रोजचं काम करत होता, आणि तेव्हा तुमच्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून गप्प राहणं शहाणपणाचंच वाटलं असेल. पण चिडलेली माणसं मराठी होती. त्यांना मराठीतून बोलणारं, मराठीतून शिकवणारं घर विकिपीडियावर एकच आहे, आणि ते तुमचं आहे. पुढच्या वेळी ती माणसं तुमच्याकडे यावीत आणि त्यांतली काही टिकावीत, यासाठी हे सगळं सांगायचं आहे. पुढची वेळ येणार याबद्दल मला शंका नाही. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून महाराष्ट्र कसा ढवळून निघाला आणि जूनअखेर शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला, हे आपण पाहिलंच. मराठी माणसाचं लक्ष भाषेकडे आणि इतिहासाकडे अशा भरतीच्या लाटेसारखंच येतं.

भाचा पुढच्या रविवारी घरी आला. मी कपाटातून वा. सी. बेंद्रे यांचं ‘छत्रपती संभाजी महाराज’ काढून त्याच्यासमोर ठेवलं. हे पुस्तक १९६० चं. त्याआधी कित्येक वर्षं नाटकांनी आणि काही बखरींनी संभाजी महाराजांचं जे व्यसनी, उच्छृंखल चित्र लोकांच्या मनात बसवलं होतं, ते बेंद्र्यांनी कागदपत्रांच्या आधाराने पुसून काढलं. त्यासाठी त्यांनी आयुष्यातली काही दशकं घातली, इंग्लंडमधली दप्तरंही चाळली. पुढे कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंध १९७१ मध्ये आला आणि त्या कामाला आणखी भक्कम आधार मिळाला. जानेवारी २०१७ मध्ये ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणाच्या रागातून पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्या नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडला गेला, तेव्हाही वर्तमानपत्रांचे रकाने भरले होते. पण आज एखादा मराठी मुलगा संभाजी महाराजांबद्दल अभिमानाने आणि पुराव्यानिशी बोलू शकतो, तो बेंद्रे आणि गोखल्यांच्या तळटीपांमुळे. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदा तळटीपा वाचल्या. दुपारपर्यंत त्याने कागदाच्या चिठ्ठ्या फाडून पानापानांत घातल्या होत्या.

त्या दिवशी त्याने इंग्रजी चर्चा पानावर काही लिहिलं नाही. इंग्रजी लिहायला तो कचरतो. मग मी त्याला मराठी विकिपीडियावर आणलं. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात साफ केला, मग तळबीड गावाच्या लेखात हंबीरराव मोहित्यांच्या उल्लेखाला एक संदर्भ जोडला. दोन दिवसांनी कुणा अनोळखी सदस्याने त्या बदलासाठी ‘धन्यवाद’ दिल्याची सूचना आली. त्याने स्क्रीनशॉट काढून मला पाठवला. आज तो दर रविवारी थोडं काम करतो. बाकीचे तिघं परत फिरकले नाहीत. त्यांना कुणी हाकललं नाही की त्यांचं काही पुसलं नाही. पुढे कुठे जायचं, हे त्यांना दिसलंच नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानावरून मोठा वाद झाला. विरोध झाला, पोलीस आले, दोन वर्तमानपत्रांचे बातमीदार आले. व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात माणूस मावेना. दीडएकशे लोक असे होते ज्यांनी त्या इमारतीची पायरी पूर्वी कधी चढली नव्हती. त्यांतले किती सभासद झाले, हे मी महिन्याने ग्रंथपालांना विचारलं. एकही नाही. नोंदणीची वही त्या दिवशी कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली असलेला माणूस गर्दी आवरण्यात गुंतला होता. ही हकीकत मी कित्येकांना सांगितली आहे. प्रत्येक जण हसतो, पण मला अजून हसू येत नाही. ती दीडशे माणसं पुस्तकांच्या कपाटांना खेटून उभी होती.

मराठी विकिपीडियाच्या बाहेरच्या इतिहासात याची उदाहरणं भरपूर आहेत आणि ती तुमच्यासाठी नुसती माहिती नव्हेत. ३१ जुलै २००६ ला अमेरिकेतला विनोदी कार्यक्रम करणारा स्टीफन कोल्बेअर याने प्रेक्षकांना हत्तीच्या लेखात जाऊन आफ्रिकेतले हत्ती सहा महिन्यांत तिप्पट झाल्याचं लिहायला सांगितलं. लोंढा आला, पानं बंद करावी लागली, लोंढा गेला. गंमत करायला आलेल्या माणसाकडून राहण्याची अपेक्षा नाही. पण चिडून आलेला माणूस वेगळा असतो. त्याला लेखात काय लिहिलंय याची पर्वा असते.

त्याच्या आदल्या वर्षी विकिपीडियावर पहिलं मोठं संकट आलं होतं. जॉन सीगनथॅलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडींचे सहायक. मे २००५ मध्ये कुणी गमतीने त्यांच्या लेखात लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. चार महिन्यांहून अधिक काळ ते तसंच राहिलं. २९ नोव्हेंबरला सीगनथॅलर यांनी ‘यूएसए टुडे’त संतप्त लेख लिहिला आणि जगभर बातमी झाली. तेव्हा इंग्रजी विकिपीडियाने दोन गोष्टी पटकन केल्या. नोंदणी न केलेल्यांना नवीन लेख सुरू करणं बंद केलं, आणि हयात व्यक्तींवरच्या लेखांसाठी कडक धोरण लिहिलं. त्या काळात इंग्रजी विकिपीडिया झपाट्याने वाढत होताच. १ मार्च २००६ ला ग्लासगोमधल्या जॉर्डनहिल रेल्वे स्थानकावरचा दहा लाखावा लेख आला. वाद झाला, जबाबदारी घेतली, वाढ चालू राहिली. इथपर्यंत कथा बरी आहे.

पण तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आलेला लोंढा आणि त्यातला खोडसाळपणा आवरायला जुन्या सदस्यांनी आपोआप काम करणारी साधनं बनवली. एका टिचकीत बदल परतवता यायला लागला. काम वेगाने झालं, आणि त्याच वेगाने चांगल्या हेतूने आलेला नवखाही परतवला जाऊ लागला. २०१३ मध्ये ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. नवख्याचं पहिलंच काम, हेतू चांगला असूनही, खुलासा न देता पुसलं गेलं तर तो परत येण्याची शक्यता घटते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ मध्ये सुमारे ५१ हजार होते, २०१३ पर्यंत ते ३१ हजारांच्या आसपास आले. वाचक वाढत होते, लिहिणारे कमी होत होते. नवख्यांना विचारायला जागा हवी म्हणून २०१२ मध्ये तिथे ‘टीहाउस’ सुरू झालं. तिथे प्रश्न विचारला की जुना सदस्य साध्या भाषेत, नियमांची यादी न फेकता उत्तर देतो. सहा वर्षं उशिरा, पण दार उघडलं.

आता मला जे सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगतो. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीच्या सावलीत जगणारी स्कॉट्स नावाची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी ती बोलता येते असं सांगितलं. तिचा वेगळा विकिपीडिया आहे. ऑगस्ट २०२० मध्ये एका वाचकाने इंटरनेटवर उघड केलं की त्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून अधिक लेख अमेरिकेतल्या एका मुलाने लिहिले आहेत, आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. इंग्रजी वाक्यातले शब्द शब्दकोशातून बदलून तो लिहीत होता. काम सुरू केलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. मुलावर शिव्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, अख्खा विकिपीडिया पुसून टाका. कुणी म्हणालं, या भाषेची अब्रू गेली.

तुम्ही क्षणभर डोळे मिटून आपल्याबद्दल अशी बातमी कल्पून बघा. यंत्राने भाषांतरित केलेले, मराठी म्हणून वाचवत नाहीत असे लेख आपल्याकडेही आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उद्या कुणी त्यांचे स्क्रीनशॉट फिरवले तर आपण काय करू? खुलासे देत बसू की माणसं बोलावू?

स्कॉट्सवाल्यांनी माणसं बोलावली. काही दिवसांतच भाषा येणाऱ्या लोकांनी एकत्र बसून लेख दुरुस्त करायचे संपादन-मेळावे ठरवले. स्कॉट्स भाषेसाठी काम करणाऱ्या केंद्राचे प्रमुख मायकेल डेम्प्स्टर यांनी मुलाला फटकारलं नाही. त्याने प्रचंड कष्ट केले आहेत, संपादन करता येईल असा सांगाडा उभा केला आहे, आता भाषा येणाऱ्यांनी तो दुरुस्त करावा, असा त्यांचा सूर होता. हजारो वाईट लेख काढून टाकले गेले. लेखांची संख्या घटली, आणि तिथल्या लोकांनी ती घट पत्करली. गर्दी पुढे ओसरली, ती ओसरणारच होती. पण भाषा येणारी काही माणसं त्या पानांशी जोडली गेली, जी त्या लाजिरवाण्या आठवड्याआधी नव्हती. डेम्प्स्टर यांचा तो सूर मला आपल्या सगळ्यांच्या तोंडी हवा आहे.

उलट उदाहरण क्रोएशियाचं. २०१३ मध्ये तिथला विकिपीडिया एका उजव्या गटाच्या हातात गेल्याचं आणि इतिहास मुरडला जात असल्याचं वर्तमानपत्रांनी उघड केलं. शिक्षणमंत्री झेल्को योव्हानोविच यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका असा सल्ला दिला. सल्ला मनापासून असेल. पण ज्यांनी आत जाऊन काम करायला हवं होतं त्यांनाच तो लांब ठेवणारा होता. सूत्रं त्याच हातांत राहिली. परिस्थिती खऱ्या अर्थाने पालटली ती २०२० च्या सुमारास, म्हणजे सातेक वर्षांनी.

आणि ज्यांनी दार वादाच्या आधीच उघडून ठेवलं होतं, त्यांची गोष्ट. २ ऑक्टोबर २०१८ ला डोना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मारी क्युरी आणि मारिया गेपर्ट-मायर यांच्यानंतर त्या तिसऱ्या स्त्री. त्या क्षणी त्यांच्यावर विकिपीडियात लेखच नव्हता. त्याआधी कुणीतरी मसुदा केला होता, तो त्याच वर्षी मे महिन्यात पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला होता. जगभर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण ती टीका वाचून चिडलेल्या बाईला किंवा पुरुषाला जायला एक जागा तयार होती. २०१५ मध्ये रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन यांनी ‘विमेन इन रेड’ हा प्रकल्प सुरू केला होता. ज्या स्त्रियांवर लेख नाहीत त्यांच्या नावांच्या लाल दुव्यांच्या याद्या, दर महिन्याला नवा विषय, नव्या लेखकांच्या चर्चा पानांवर निरोप. इंग्रजी विकिपीडियातल्या चरित्रांत स्त्रियांचं प्रमाण तेव्हा पंधरा-सोळा टक्के होतं, ते आता जवळपास वीस टक्क्यांपर्यंत आलं आहे. लाखो चरित्रांच्या ढिगात चार टक्के हलवणं म्हणजे काय, हे ज्याने एक लेख लिहिला आहे त्याला कळेल. बातमी एक आठवडा टिकली. यादी दहा वर्षं चालू आहे.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. तुमच्या कामाचा भार मला माहीत आहे, त्यामुळे जे झेपेल तेच मागतो.

लाट येण्याआधी एक पान तयार ठेवा. चावडीवरून, मदतकेंद्रातून आणि समाजमाध्यमांवरून त्याचा दुवा देता येईल असं. त्यावर धोरणांची जंत्री नको. “तुम्ही एखाद्या लेखावर चिडून आला आहात का? बसा. काय चुकलंय ते सांगा, आणि तुमच्याकडे कोणतं पुस्तक आहे ते सांगा” एवढंच. आणि खाली दहा मिनिटांत करता येतील अशी वीस-पंचवीस कामं, त्या त्या वादाशी निगडित. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती कोणती असती? संभाजी महाराजांच्या काळातल्या किल्ल्यांच्या लेखांना संदर्भ जोडणं. ‘बुधभूषणम्’ या त्यांच्या संस्कृत ग्रंथाबद्दलचा मजकूर तपासणं. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्यावरचे लेख नीट करणं. येसूबाई, कवी कलश, तुळापूर, वढू बुद्रुक. चिडलेल्या माणसाला वादातलं ते एक पान मिळणार नाही, पण त्याला त्याच विषयाची वीस पानं देता येतात, आणि त्यांवर कुणाचं भांडण नाही.

दुसरं, माणूस नेमा. विकिमीडियाने नवख्या सदस्याला मार्गदर्शक जोडून देण्याची आणि सोपी कामं सुचवण्याची सोय केली आहे. पण सोयीपेक्षा तो निरोप कोण लिहितं, हे मोठं. आपोआप डकवलेला स्वागताचा साचा आणि “तुम्ही तळबीडच्या लेखात जोडलेला संदर्भ पाहिला, पान क्रमांकही दिलात तर फार चांगलं होईल” ही एक ओळ, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भाच्याला राहावंसं वाटलं ते एका अनोळखी माणसाने त्याचं काम पाहिल्याचं कळलं म्हणून. दहा माणसांनी आठवड्याला पाच निरोप लिहिले तर पन्नास होतात. पत्रकार येतील तेव्हा एक नाव पुढे करा, जे शांतपणे सांगेल की विकिपीडिया कोण लिहितं, मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि येत्या शनिवारी अमुक वाजता शिकवायला बसणार आहोत. बातमीत वार आणि वेळ छापून आली पाहिजे.

काही गोष्टी बारीक आहेत, पण त्यांच्यामुळेच माणसं गळतात. मी काही कार्यशाळांना बसलो आहे. चाळीस मुलं संगणकासमोर, आणि सातव्या मुलाचं खातं उघडत नाही, कारण एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. मर्यादा आधी अर्ज करून वाढवून घेता येते, पण वाद पेटल्यावर ते सुचत नाही. ती तयारी आधी हवी. बहुतेक मुलं फोनवरून येतील, तेव्हा शिकवणंही फोनवरचं हवं. आणि परतवणं आलंच तर, कृपा करून, कारण मराठीत आणि पूर्ण वाक्यात लिहा. खोडसाळ माणसाला कारणाची गरज नसते, पण दोघांत फरक लगेच कळत नाही, म्हणून दोघांनाही ते मिळू दे.

भीतीबद्दलही बोलायला हवं. गुन्हा दाखल झाल्याची बातमी वाचून कित्येक आईबापांनी मुलांना खाती बंद करायला सांगितलं असेल. त्याआधी, २०२४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात एका वृत्तसंस्थेच्या दाव्यात तीन संपादकांची ओळख उघड करायचा आदेश झाला होता. त्याच प्रकरणात खटल्याबद्दलचं पानच काढायला लावणारा आदेश ९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुइयाँ यांच्या पीठाने रद्द केला, हेही लोकांना सांगा. नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगा की खरं नाव देणं सक्तीचं नाही, गावाचं नाव आणि जन्मसाल एकत्र करून सदस्यनाम करू नका, आणि संदर्भ देऊन लिहिलेलं वाक्य तुमचं मत नसतं. तो निर्धास्त असेल तरच राहील.

एक शंका तुमच्या मनात येणार, आणि ती खरी आहे. चिडलेला जमाव आत घेतला तर तो लेख आपल्या बाजूला ओढेल, कौलात गठ्ठ्याने मतं देईल, तटस्थ दृष्टिकोन गुंडाळून ठेवेल. जातींच्या लेखांवर हे होताना तुम्ही रोज पाहता. म्हणून मी कुणाला पसंत पडेल म्हणून एक अक्षर बदला असं म्हणत नाही. त्याला पहिल्याच निरोपात स्पष्ट सांगा की इथे आवाजाने काही बदलत नाही, छापील आणि तपासता येणाऱ्या आधाराने बदलतं, आणि तुम्हाला न आवडणारा आधारही तितकाच तपासला जाईल. हे ऐकून बरेच जण जातील. जाऊ द्या. पण जे उरतील ते कपाटातलं पुस्तक काढतील. बेंद्र्यांनाही सुरुवातीला राग असणार. त्यांनी तो दप्तरखान्यात नेला.

२०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात भाषा झाली, पेढे वाटले गेले. आणि नियमाने मराठी विकिपीडियावर लिहिणारे एका वर्गखोलीत मावतील एवढेच. मला त्या खोलीत आणखी तीस माणसं हवी आहेत, हजार नकोत. तीस टिकली तर बाकीच्यांची वाट ती बघतील.

भाच्याला मी या पत्राबद्दल सांगितलं. तो म्हणाला, चिडून आलेल्यांसाठीचं पान तो धूळपाटीवर लिहायला घेईल, तुम्ही दुरुस्त करून चावडीवर न्यायचं. त्याने त्याच्या तीन मित्रांना पुन्हा विचारलं आहे. एकाने होकार दिलाय. तो कराडच्या एका छापखान्यात काम करतो आणि त्याच्या आजोबांकडे ‘शिवपुत्र संभाजी’ आहे, वाळवी लागलेलं, पण तळटीपांची पानं शाबूत. परवा त्यांच्या घरी जाणार आहोत. त्या मुलाचा पहिला बदल झाला की सदस्यनाम चावडीवर कळवतो. कुणीतरी त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहाल ना?



आपला,
सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक आणि सदस्य